ईस्टरच्या सुट्टीत क्राकुवला जावं का? आई-बाबा सोबत आहेत

पंचगंगेकाठी | १२ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी,

मी न्यूरेंबर्गला राहते. एप्रिलच्या सुरुवातीला आई-बाबा कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी येताहेत. यंदा गुड फ्रायडे १८ एप्रिलला आणि ईस्टरचा सोमवार २१ ला. जर्मनीत दोन्ही दिवस सुट्टी, म्हणजे सलग चार दिवस मिळतात. पुढे दोन दिवस रजा टाकली आहे.

ओळखीतले सगळे म्हणतात पॅरिसला ने, स्वित्झर्लंडला ने. बाबांनी मात्र व्हिसाची कागदपत्रं गोळा करतानाच सांगून ठेवलंय, "मला पोलंड बघायचंय." त्याला कारण आहे. बाबांचं आजोळ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, १९४३ ते १९४८. बाबांची आजी त्या छावणीत दुधाचं रतीब घालायची. बाबांचा जन्म छावणी उठल्यानंतरचा, त्यामुळे त्यांनी स्वतः काही पाहिलेलं नाही. पण आजीच्या गोष्टी ऐकत मोठे झाले. त्यातली एक गोष्ट अशी, की त्या गोऱ्या बायका त्यांच्या सणाला अंडी रंगवायच्या, टोपलीत घालायच्या, वर पांढरा रुमाल टाकायच्या आणि त्यांच्या देवळात घेऊन जायच्या. टोपलीत मीठसुद्धा असायचं म्हणे. यावर घरात सगळे आजीला हसायचे, देवाकडे कुणी मीठ नेतं का म्हणून.

बाबांना ती टोपली बघायची आहे. म्हणून ईस्टर आणि म्हणून क्राकुव.

आता अडचणी. ऑफिसातले लोक म्हणतात की ईस्टरला पोलंडमध्ये सगळं कुलूपबंद असतं. आम्ही तिघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आईचे गुडघे दुखतात. कुणी या दिवसांत गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा. जाऊ नका म्हणालात तरी चालेल, पण कारण सांगा.

सह्यभटका | १२ फेब्रुवारी २०२५

मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून लिहितो. जाऊ नका. आम्ही २०१९ च्या ईस्टरला गेलो होतो, दोन मुलं बरोबर. एका सहल कंपनीने आम्हाला रविवारचा मिठाच्या खाणीचा कार्यक्रम विकला होता. सकाळी पोहोचलो तर खाण बंद. ईस्टरच्या रविवारी ती बंदच असते हे नंतर कळलं. पैसे परत मिळायला चार महिने गेले. दुकानं बंद, मुलं भुकेली, दुपारी तीनला एका पेट्रोल पंपावर ब्रेड आणि केळी मिळाली. शहर सुंदर आहे, वाद नाही. पण ते मे महिन्यातही सुंदरच असतं.

ओंजळ | १२ फेब्रुवारी २०२५

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. पणजीची गोष्ट फार आवडली. टोपलीतल्या मिठाचं काय, ते मलाही जाणून घ्यायचंय.

रानजाई | १३ फेब्रुवारी २०२५

पंचगंगेकाठी, मी नऊ वर्षं क्राकुवमध्ये राहते. तुम्ही नक्की या. आणि आधी पणजींबद्दल: टोपलीत मीठ असतंच. त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

सह्यभटका यांचा अनुभव खरा आहे, पण ते रविवारी प्रेक्षणीय स्थळं बघायला निघाले. रविवार हा इथे घरात बसून खाण्याचा दिवस. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणी परगावचं माणूस बाजारात जेवण शोधत फिरलं तर त्याची जी गत होईल, तीच इथे होते. या सणाला प्रत्येक दिवसाचं वेगळं काम असतं, ते समजून आलात तर हाल होत नाहीत.

गुड फ्रायडेला पोलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी नसते, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. दुकानं, ट्राम, कचेऱ्या सगळं चालू. म्हणून मिठाची खाण बघायची तर शुक्रवारीच. तिकीट आधी काढून ठेवा. ती व्हिएलिच्का गावात आहे, क्राकुव शहरापासून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. पण आईंच्या गुडघ्यांचा विचार करा. पूर्ण मार्गावर मिळून सुमारे ८०० पायऱ्या आहेत आणि त्यातल्या ३८० एकदम सुरुवातीलाच, लाकडी जिन्याने गोल गोल खाली. वर यायला लिफ्ट आहे, उतरायला नाही. आत बाराही महिने १७-१८ अंश तापमान असतं, तेव्हा थंडीचा प्रश्न नाही. चालायला त्रास असलेल्यांसाठी वेगळा मार्ग आहे, तो आधी कळवून ठरवावा लागतो.

शुक्रवारी संध्याकाळी जुन्या गावातल्या चर्चमध्ये जा. प्रत्येक चर्चमध्ये येशूच्या थडग्याचा देखावा मांडलेला असतो, फुलं, दिवे, कुठे त्या वर्षीच्या घडामोडींवरचा संदेश. लोक सहकुटुंब एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जात देखावे बघतात, पुण्यात गणपती बघत फिरतात तसे, फक्त आवाज नाही. गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत घंटासुद्धा वाजत नाहीत. त्याऐवजी लाकडी खुळखुळे वाजवतात. खट-खट-खट असा कोरडा आवाज येतो त्यांचा.

शनिवार तुमच्या बाबांचा. सकाळपासून दुपारपर्यंत चर्चच्या दारात टोपल्यांना आशीर्वाद देण्याचा कार्यक्रम चालतो, ठरावीक वेळेने पुन्हा पुन्हा. या टोपलीला 'श्वेन्त्सोन्का' म्हणतात. अंडी, पाव, मीठ, सॉसेज, तिखट मुळ्यासारखा 'ख्शान', लोण्याचं किंवा साखरेचं कोकरू आणि बाजूला हिरव्या डहाळ्या. मोठ्या चौकातल्या मारियात्स्की चर्चपाशी पर्यटकांची गर्दी असते. तुम्ही एखाद्या वस्तीतल्या चर्चला जा. तिथे शेजारीपाजारी एकमेकांना ओळखतात, कुणाच्या टोपलीला कसली लेस लावली आहे ते बघतात.

आणि हे डोक्यात पक्कं ठेवा: शनिवारी दुकानं कायद्यानेच दुपारी दोनला बंद होतात. त्यानंतर थेट मंगळवार सकाळ. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेली छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप तेवढे उघडे राहतात. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि शनिवारी बारापर्यंत दूध, भाजी, पाव भरून ठेवा. रविवारी चौकातली काही हॉटेलं चालू असतात, महाग असतात. काझिमिएशमध्ये, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, त्यातल्या त्यात जास्त मिळतं.

शाकाहाराचं सांगते. 'पिएरोगी रुस्किए' म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडीच्या करंज्या. पण वरून तळलेल्या चरबीचे तुकडे घालतात, ते 'स्कवार्की'. मागवतानाच "बेझ स्कवार्कुव" म्हणा. आणि पारीत अंडं असू शकतं, तेही विचारा. बटाट्याच्या 'प्लात्स्की'मध्ये अंडं असतंच, तुम्हाला चालणार नाही. रस्त्यावर निळ्या गाड्यांवर 'ओब्वाझानेक' मिळतो, पिळाचा गोल पाव, वर खसखस किंवा तीळ. क्राकुवचा खास, २०१० पासून युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे त्याला. सणाचं 'झुरेक' सूप आंबवलेल्या राईच्या पिठाचं, आपल्या आंबिलीच्या नात्यातलं, पण त्यात सॉसेज आणि अंडं असतं. ते सोडा.

सोमवारी 'श्मिगुस-दिंगुस'. म्हणजे पाणी उडवणं. गल्लीतली पोरं बादल्या घेऊन उभी असतात, आईंना सांगून ठेवा. व्हिएलिच्कात त्याच दिवशी 'शूदा बाबा' निघते, काजळी फासलेला बाईच्या वेषातला माणूस, तो दिसेल त्याच्या गालाला काळं लावतो. धुळवडच. (पोलिशमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई. तुमच्या वडिलांना लोकांसमोर मोठ्याने हाक मारताना लक्षात असू द्या, लोक वळून बघतील.) पण तुम्ही सोमवारी साल्वातोरला जा, ट्रामने. तिथे नॉर्बर्टाइन जोगिणींच्या मठापाशी 'एमाऊस'ची जत्रा भरते. ती चुकवू नका.

ग्रहगती | १४ फेब्रुवारी २०२५

ईस्टर दरवर्षी हलतो याचं कारण थोडक्यात. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा नियम. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातून काढतात, पण ती आकाशातल्या पौर्णिमेच्या जवळपासच असते. म्हणजे आपल्या भाषेत होळी पौर्णिमेनंतरचा किंवा हनुमान जयंतीनंतरचा रविवार. २०२४ मध्ये होळीनंतर लगेच, ३१ मार्चला होता. यंदा हनुमान जयंती १२ एप्रिलच्या शनिवारी, पण चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा १३ तारखेच्या रविवारी पडते, म्हणून ईस्टर त्यापुढच्या रविवारी, २० एप्रिलला. शिवाय यंदा कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही पंथांचा ईस्टर एकाच दिवशी आलाय. एरवी त्यांची दिनदर्शिका वेगळी पडते.

रंकाळा_सांज | १४ फेब्रुवारी २०२५

मी कोल्हापूरचाच. वळिवड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आपल्याच माणसांना हे माहीत नसतं.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली. १९४१ मध्ये करार होऊन सुटका झाली, तेव्हा त्यातली बरीच इराणमार्गे बाहेर पडली. कराचीहून काहीजण आपल्याकडे आले. वळिवड्याला सुमारे पाच हजार माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष एक तर सैन्यात, नाही तर मेलेले. लांबच लांब बरॅकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकघर, सगळं होतं. गुजरातेत बालाचडीला नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी सांभाळलेल्या पोलिश मुलांची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण वळिवडे त्याहून कितीतरी मोठं होतं. छावणी उठल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर म्हणजे तेच. एका निर्वासितांच्या चुलीवर दुसऱ्या निर्वासितांनी संसार मांडला.

महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे. किती कोल्हापूरकर तिथे थांबून वाचतात? आणि तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, गेल्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे फूल वाहून आले. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

पंचगंगेकाठी | १५ फेब्रुवारी २०२५

रानजाई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. मीठ असतंच या वाक्यापाशी ते गप्प झाले, मग म्हणाले परत वाच.

ठरलं, जातोय. गुरुवारी रात्री प्रागला मुक्काम, शुक्रवारी रेल्वेने क्राकुव, मंगळवारी परत. आईच्या गुडघ्यांमुळे खाण रद्द. आउशवित्झला, म्हणजे नाझींच्या छळछावणीच्या स्मारकाला, जावं का, यावर घरात एकमत नाही. बाबांना जायचंय, आई नको म्हणते.

रानजाई | १५ फेब्रुवारी २०२५

रविवारी तेही बंद असतं. सोमवारी उघडं असेल, पण माझं मत विचाराल तर या खेपेला नको. क्राकुवपासून सुमारे ६५ किलोमीटर, जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो आणि मनावर पुढचे कितीतरी दिवस राहतं. सोमवारी सकाळी तिथे आणि दुपारी जत्रेत, हे मला स्वतःला जमणार नाही. त्यासाठी वेगळे या. प्रवेश मोफत आहे पण नावानिशी पास आधी काढावा लागतो.

पासपोर्ट आणि तुमचं निवासकार्ड जवळ ठेवा. जर्मनीत परत शिरताना सीमेवर सध्या तपासणी होते.

सह्यभटका | १६ फेब्रुवारी २०२५

रानजाई यांचा प्रतिसाद आम्हाला २०१९ ला मिळायला हवा होता. एक विनंती मात्र सगळ्यांनाच. टोपल्यांचे फोटो काढताना लोकांना विचारा. आमच्या वेळी काही पर्यटक पुजाऱ्याच्या आणि लोकांच्या मध्ये घुसून मोबाइल धरत होते. माझ्या शेजारी एक आजोबा डोळे मिटून उभे होते, त्यांच्या खांद्यावरून कॅमेरा गेला. मला फार वाईट वाटलं ते.

पंचगंगेकाठी | ३ मे २०२५

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

शुक्रवारी पोहोचलो, बॅगा टाकल्या आणि चौकात गेलो. रिनेक गुव्हनी, १२५७ मध्ये आखलेला, एकेक बाजू सुमारे २०० मीटर. ईस्टरचा बाजार भरलेला होता. रंगवलेली लाकडी अंडी, कागदी आणि वाळलेल्या फुलांच्या उंच 'पाम'. मारियात्स्कीच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तार्तर हल्लेखोरांचा बाण तुतारीवाल्याच्या गळ्यात लागला अशी दंतकथा आहे. चार दिशांना चार वेळा वाजते. आई चारही वेळा मान वर करून उभी.

शनिवारी रानजाई यांच्या सल्ल्याने पोद्गूझे भागातल्या चर्चला गेलो. दहाला पोहोचलो तेव्हा बाहेर फळ्या मांडलेल्या आणि त्यावर टोपल्यांची रांग. आईची नजर पहिल्यांदा रुमालांवर गेली. सगळे हातांनी विणलेले, क्रोशाचे. तिच्या रुखवतात तसेच रुमाल होते. एका आजींच्या रुमालाची कड तिने ओळखली, "अननसाची वीण आहे." मी भाषांतर करायला मोबाइल काढला, पण त्याआधीच आईने बोटांनी हवेत सुई चालवून दाखवली आणि त्या आजी हसल्या.

त्यांनीच बाबांना टोपली दाखवली. रुमाल बाजूला केला. कांद्याच्या सालींत उकळून तपकिरी केलेली अंडी, त्यावर सुईने कोरलेली नक्षी. पावाचा छोटा गोल. लोण्याचं कोकरू, डोळ्यांच्या जागी मिरी. आणि कोपऱ्यात अंडं ठेवायच्या काचेच्या कपात मीठ. जाडसर, पांढरं, कपाच्या काठापर्यंत.

बाबा खाली वाकून बघत राहिले. मी फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले. मग पुजारी आला, हातातल्या कुंच्याने पाणी शिंपडत रांगेतून गेला, टोपल्यांवर आणि माणसांवरही. बाबांच्या चष्म्यावर थेंब पडले. ते त्यांनी बराच वेळ पुसले नाहीत. परतताना ट्राममध्ये एवढंच म्हणाले, "आम्ही तिला उगीच हसलो."

रविवारी आम्ही घरीच. सकाळी मुगाची खिचडी, न्यूरेंबर्गहून नेलेलं मेतकूट, भाजलेले पापड. शहर इतकं शांत की खालच्या मजल्यावर काटेचमचे वाजलेले ऐकू येत होते. साडेअकराला दार वाजलं. घरमालकीण हातात बशी घेऊन उभी. बशीत मझुरेकच्या, म्हणजे ईस्टरच्या गोड केकच्या, दोन वड्या आणि एक रंगवलेलं अंडं, आतून फुंकून रिकामं केलेलं. आम्ही अंडं खात नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. वडीत अंडं आहे हेही तिने खुणेनेच सांगितलं, आणि आईने नमस्कार करून फक्त पिसांका, म्हणजे ते रंगवलेलं अंडं, घेतलं. मी पाठ केलेलं "वेसोविख श्व्योंत" (सणाच्या शुभेच्छा) म्हणाले. संध्याकाळी व्हिस्तुला नदीच्या काठाने व्हाव्हेल किल्ल्याच्या पायथ्याशी चाललो. सगळं गाव जेवून फिरायला बाहेर पडलेलं.

सोमवारी एमाऊस. खेळण्यांच्या गाड्या, जिंजरब्रेडचे लाल हृदयाचे आकार, दोऱ्यात ओवलेले छोटे पाव, मातीच्या शिट्ट्या. आपली जोतिबाची यात्रा आठवावी असा कलकलाट. दहाच्या सुमारास अचानक लोक मोबाइल बघायला लागले. शिट्ट्या विकणाऱ्या बाईने शेजारणीला पडदा दाखवला आणि दोघींनी छातीवर क्रूस केला. पोप फ्रान्सिस सकाळी गेले होते. जत्रा थांबली नाही, पोरं पाणी उडवतच होती, पण मोठी माणसं हळू बोलायला लागली. आईने घेतलेली शिट्टी पिशवीत ठेवली, वाजवली नाही.

रानजाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ते पिसांका कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलंय. बाबा जूनमध्ये परत जातील तेव्हा वळिवड्याला मामांच्या घरी देणार आहेत.

रंकाळा_सांज | ३ मे २०२५

दोनदा वाचलं. बाबा आले की कळवा. मी त्यांना घ्यायला येतो, महावीर उद्यानातल्या स्तंभाकडे बरोबर जाऊ आणि तिथून वळिवड्याला.

ओंजळ | ४ मे २०२५

आम्ही पुढच्या वर्षी किंवा २०२७ ला जाऊ म्हणतोय. रानजाई, तारखा बघून काही वेगळं सांगाल का? आम्हाला पहाटेची प्रार्थनाही बघायची आहे.

रानजाई | ४ मे २०२५

२०२६ ला ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ ला २८ मार्चला. मार्चमध्ये याल तर जाड जॅकेट हवंच, बर्फसुद्धा पडू शकतो. एक दिवस जास्त राहता आलं तर मंगळवारी क्राकुस टेकडीवरची 'रेंकाव्का' बघा. पूर्वी श्रीमंत लोक टेकडीवरून गरिबांसाठी पाव आणि अंडी गडगडत सोडायचे, आता जुन्या योद्ध्यांच्या वेषात लढाया होतात.

पहाटेची 'रेझुरेक्त्सिया' बहुतेक चर्चमध्ये सहाला असते. २०२७ मध्ये नेमक्या त्याच रात्री युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. शनिवारी झोपताना हातातलं घड्याळ पुढे करून ठेवा, नाहीतर तुम्ही पोहोचाल तेव्हा मिरवणूक चर्चला तीन फेऱ्या घालून आत गेलेली असेल.